पीआरच्या रांगेत असताना धंदा: मालकी कोणाची, काम कोणाचं?

या वेळी निवडलेली सहाही पत्रं विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतून आली आहेत. कुणाचा मुलगा, कुणाची लेक परदेशात कायम वास्तव्याच्या (पीआर) मंजुरीची वाट पाहते आहे, तर एक जण गावात बसूनच वाट पाहतो आहे. मंजुरी येईपर्यंत नुसतं बसून राहायचं नाही, धंदा उभा करायचा आहे, हे सगळ्यांचं सारखं. उत्तरं वाचताना एक भेद डोळ्यांसमोर ठेवा: धंद्याचा मालक असणं वेगळं आणि धंद्यात काम करणं वेगळं. पहिली गोष्ट बहुतेक व्हिशांवर चालते. दुसरी आज हातात कोणता कागद आहे त्यावर ठरते. उद्या येणाऱ्या कागदाच्या भरवशावर आज काम करता येत नाही.

मुलगा न्यू जर्सीत सॉफ्टवेअर कंपनीत एच-१बी वर आहे. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, पण ग्रीन कार्डाचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही. आपल्या भागातली तूर व्यापाऱ्याला देण्यापेक्षा दालमिल टाकावी असं त्याचं म्हणणं. पैसा तो लावणार, रात्री व्हिडिओ कॉलवर खरेदी-विक्री पाहणार. शेतातला दोन एकरांचा तुकडाही माझ्या नावावर करा म्हणतो. याने ग्रीन कार्डाला धक्का लागेल का?
*एक शेतकरी, ता. दारव्हा (जि. यवतमाळ)*

मिलमध्ये त्याचा वाटा असल्याने धक्का लागत नाही. एच-१बी हा एका ठरावीक कंपनीत ठरावीक काम करण्याचा परवाना आहे. भागीदारीत भांडवल घालणं, वर्षाअखेर नफा घेणं ही गुंतवणूक झाली, तिला मनाई नाही.

अडचण रात्रीच्या व्हिडिओ कॉलची आहे. अमेरिकेत बसून रोज तुरीचा भाव ठरवायचा, डाळीच्या गिऱ्हाइकांशी बोलायचं, मजुरांचे पैसे सोडायचे, हे काम झालं. त्याचा पगार घेतला नाही म्हणून ते गुंतवणूक ठरत नाही. मिल भारतात आहे म्हणजे अमेरिकेचा कायदा लागत नाही असंही कुणी सांगेल, पण यावर तिथल्या वकिलांत एकमत नाही. नंबर लागला की ग्रीन कार्डासाठी जो आय-४८५ अर्ज भरायचा असतो, त्यात परवान्याशिवाय काम केलं का हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. नोकरीवर आधारलेल्या अर्जात एकूण १८० दिवसांपर्यंतची अशी चूक माफ होऊ शकते. ती सवलत अडचणीत सापडलेल्यासाठी आहे, तिच्यावर धंद्याचा आराखडा बेतू नये. आमचा सल्ला असा: वर्षाचा हिशेब पाहणं, आणखी भांडवल घालायचं का ते ठरवणं, मोठ्या कर्जाला संमती देणं इतकंच त्याने तिथून करावं. रोजचा कारभार तुम्ही किंवा पगारी व्यवस्थापकाने पाहावा.

तुरीची आवक जोरात असते त्या जानेवारी-फेब्रुवारीत तो रजा घेऊन दारव्ह्याला आला आणि मिलवर राबला, तर ते अमेरिकेतलं काम होत नाही. फक्त निघण्याआधी पासपोर्टातल्या व्हिशाच्या शिक्क्याची तारीख पाहायला सांगा. अमेरिकेतली मुदत वाढलेली असते, पण शिक्का संपलेला असतो. मग वकिलातीची तारीख मिळून नवा शिक्का होईपर्यंत परत जाता येत नाही आणि इकडे अडकला की तिकडची नोकरी अडचणीत येते. ग्रीन कार्ड त्याच नोकरीवर टांगलेलं आहे.

दोन एकरांचा विचार सोडून द्या. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा वा फार्महाऊस विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, मग तो मूळचा शेतकरी असो. वारसाने मात्र येऊ शकते. परदेशी जाण्याआधीपासून सातबाऱ्यावर त्याचं नाव असेल तर तेही तसंच राहतं. गडबड होते ती अशी की बक्षीसपत्र नोंदलं जातं, फेरफारही मंजूर होतो, कारण तिथे कुणी निवासी की अनिवासी हे विचारत नाही. घोटाळा पुढे जमीन विकताना किंवा पैसे बाहेर नेताना बँकेत उघडा पडतो. मिल उभी राहील ती जागा तुमच्याच नावावर ठेवा, अकृषक वापराचे कागद तुमच्या नावाने करा आणि फर्मला ती भाडेपट्ट्याने द्या.

आता पैसा. दोन वाटा आहेत. पहिली, मुलाला भागीदार करणं. डाळप्रक्रिया हा उद्योग आहे, शेती नव्हे, म्हणून अनिवासी भारतीय अशा भागीदारी फर्ममध्ये पैसे घालू शकतो, मात्र ते मोकळेपणाने परदेशी परत न नेण्याच्या अटीवर. पैसे बाहेरून बँकेमार्फत किंवा त्याच्या एनआरई (परदेशी कमाईच्या) वा एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाच्या) अनिवासी खात्यातून यायला हवेत. नफा एनआरओ खात्यात जमा होतो आणि तिथून कर भरून, सीएच्या प्रमाणपत्रावर, एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. भागीदारीपत्रावर सही करायला तो येणार नसेल तर तुम्हाला मुखत्यारपत्र लागेल. ते तिथे भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करून पाठवावं लागतं आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे तीन महिने हमखास चुकतात, कारण पाकीट कपाटात ठेवून मुहूर्ताची वाट पाहिली जाते.

या वाटेचा खरा भार अमेरिकेतल्या विवरणपत्रांचा आहे. एच-१बी वरचा माणूस तिथे करापुरता रहिवासी असतो आणि जगभरचं उत्पन्न दाखवणं त्याला भाग असतं. परदेशी फर्ममध्ये १० टक्के किंवा जास्त वाटा असेल तर बहुधा फॉर्म ८८६५ लागतो, कंपनी असेल तर फॉर्म ५४७१. हे न भरल्याचा दंड एका फॉर्मला १०,००० डॉलरपासून सुरू होतो, मिल तोट्यात असली तरी. आणि घरचाच माणूस म्हणून फर्मच्या बँक खात्यावर त्याची सही ठेवली, तर वाटा नसतानाही ते खातं त्याच्या एफबारमध्ये (परदेशी बँक खात्यांच्या अमेरिकेतल्या विवरणात) येतं. वर्षात कधीही परदेशी खात्यांतली एकूण रक्कम १०,००० डॉलरवर गेली की एफबार भरावाच लागतो. हंगामात मिलच्या खात्यातून एका दिवसात त्याहून जास्त रक्कम फिरते. त्याची सही ठेवूच नका.

दुसरी वाट आम्हाला जास्त पसंत आहे. मिल तुमच्या आणि त्याच्या आईच्या नावावर काढा, मुलाने पैसे बक्षीस म्हणून द्यावेत. मुलाने आईवडिलांना दिलेल्या बक्षिसावर भारतात कर नाही. अमेरिकेत २०२५ मध्ये एका व्यक्तीला वर्षात १९,००० डॉलरपर्यंत दिलेल्या रकमेची नोंदही लागत नाही. वडिलांना वेगळे आणि आईला वेगळे धरले जातात. त्याहून जास्त झालं तर फॉर्म ७०९ भरायचा, कर लगेच बसतो असं नाही. बँक खात्यातूनच पाठवायला सांगा: १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून रोख वा मनीऑर्डरने बाहेर पाठवलेल्या रकमेवर १ टक्का कर आहे, बँक खात्यातून केलेल्या हस्तांतरणावर तो नाही. दोन ओळींचं बक्षीसपत्र करून ठेवा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे आणि किमान १० टक्के रक्कम स्वतःची दाखवावी लागते. हा पैसा तिथे स्वतःचा म्हणून दाखवता येतो. योजनेची सध्याची मुदत कृषी कार्यालयात विचारून घ्या.

जाता जाता एक: दारव्ह्याच्या बँकेत त्याचं कॉलेजपासूनचं बचत खातं अजून साध्या निवासी खात्यासारखंच चालू असेल तर ते आधी एनआरओ करून घ्या. त्याच खात्यातून मिलचे पैसे फिरवले की सगळ्या कागदांचा पायाच चुकीचा पडतो.

मोठा भाऊ डॅलसला आहे. त्याचा आय-४८५ दाखल होऊन वर्ष झालं, ईएडी (काम करण्याच्या परवान्याचं) कार्ड हातात आहे. नोकरी सोडून रेस्टॉरंट काढतो म्हणतो. ईएडीवर काहीही काम चालतं हे खरं का?
*संत्रा उत्पादक, वरूड (जि. अमरावती)*

कार्डापुरतं खरं आहे. प्रलंबित आय-४८५ वर मिळालेल्या ईएडीवर कुणाकडेही नोकरी करता येते आणि स्वतःचा धंदाही चालवता येतो. राज्यात एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) नोंदवायची, आयआरएस या तिथल्या करखात्याकडून धंद्याचा ईआयएन नंबर घ्यायचा. तो फुकट मिळतो. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

पण भावाचं ग्रीन कार्ड ईएडीवर नाही, नोकरीवर मिळणार आहे. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले की त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामात बदल करता येतो आणि ते सप्लिमेंट जे या फॉर्मवर दाखवावं लागतं. 'तशाच प्रकारच्या' या शब्दांना वजन आहे. सॉफ्टवेअर अभियंत्याने स्वतःची सॉफ्टवेअर सल्लागार कंपनी काढली तर ती बाजू मांडता येते, स्वयंरोजगार असला तरी. रेस्टॉरंट काढलं आणि मंजुरीच्या तोंडावर सप्लिमेंट जे मागणारं पत्र आलं, तर त्यावर लिहायला काय असेल? जुनी कंपनी 'मंजुरीनंतर या जागेवर घेऊ' असं लिहून देईल तरच अर्ज तग धरतो. नोकरी सोडून गेलेल्याला असं पत्र कोण देतं, याचा विचार त्याने राजीनाम्याआधी करावा.

दुसरं, ईएडीवर धंद्यात उतरला की एच-१बी चा आधार जातो. आय-४८५ प्रलंबित आहे तोवर राहायला हरकत नसते, पण तो अर्ज नामंजूर झाला तर खाली जाळी उरत नाही. प्रवासाचंही तसंच. एच-१बी टिकलेला माणूस त्याच्या व्हिशावर भारतात येऊन परत जाऊ शकतो. ईएडीवर आलेल्याने अॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परतण्याची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय देश सोडला, तर आय-४८५ सोडून दिला असं धरलं जातं. घरी कुणाची तब्येत बिघडल्याचा फोन गेला की माणूस मिळेल ते विमान धरतो. म्हणून हा कागद आधीपासून करून ठेवायचा.

तिसरं, ईएडी कार्डाची मुदत. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाकला की जुनं कार्ड आपोआप पुढे चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ती सवलत राहिलेली नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर मधल्या दिवसांत मालकानेही स्वतःच्या गल्ल्यावर बसायचं नाही. मुदतीच्या १८० दिवस आधीपासून अर्ज टाकता येतो, पहिल्याच दिवशी टाकावा.

वहिनींचा आय-४८५ त्याच्या अर्जासोबत दाखल असेल आणि त्यांचंही ईएडी आलं असेल तर उत्तर घरातच आहे. त्यांच्या अर्जाला नोकरीची अट नाही. रेस्टॉरंट त्यांच्या नावाने काढा, चालवू द्या त्यांनाच, आणि भावाने मंजुरीपर्यंत एच-१बी ची नोकरी धरून ठेवावी. संध्याकाळी गर्दी झाली म्हणून तो पदार्थ वाढायला उभा राहिला तर मात्र ते एच-१बी बाहेरचं काम झालं.

स्वतःच्या कंपनीमार्फत एच-१बी मिळते असं त्याच्या कानावर आलं असेल. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमात निम्म्याहून जास्त मालकी असलेल्यालाही त्याच्या कंपनीतून एच-१बी मागता येते, पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ प्रत्येकी १८ महिन्यांची. पण काम पदवीची गरज असणाऱ्या विशेष प्रकारातलंच हवं. रेस्टॉरंटचा मालक त्यात बसत नाही.

मुलगी ह्यूस्टनला एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या) व्हिशावर आहे. जावयांचा आय-१४० मंजूर आहे. मी इथून साड्या पाठवते, ती तिथे ओळखीत विकेल. चालेल का?
*एक आई, पुसद (जि. यवतमाळ)*

जावयांचा आय-१४० मंजूर असल्याने लेकीला एच-४ ईएडी मागता येतं, ही सोय २६ मे २०१५ पासून आहे. कार्ड हातात आलं की साड्यांचा धंदा खुशाल करावा. टेक्सासात विक्रीकराचा परवाना आधी घ्यायचा, तो फुकट आहे. कपड्यावर राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक मिळून कमाल ८.२५ टक्के कर गिऱ्हाइकाकडून घेऊन भरायचा असतो.

कार्ड येईपर्यंत तिने विकू नये, पैसे आईच्या खात्यात आले तरी. पुसदेतून तुम्ही स्वतः मालक म्हणून थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवू शकता. आयात-निर्यात कोड काढून घ्या. भावात आयात शुल्क धरायला मात्र विसरू नका: ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं बिनशुल्क सोडण्याची सवलत अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. लेकीच्या पत्त्यावर 'भेट' असं लिहून विक्रीचा माल पाठवणं ही खोटी घोषणा आहे आणि पार्सलवर लेकीचं नाव असतं.

कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत (गुणांवर पीआरची निवड करणाऱ्या पद्धतीत) फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या गटातून अर्ज केला, पोच आली आहे. बायको आणि एक मुलगी सोबत. बी.एस्सी. कृषी आहे, बियाणे कंपनीतली नोकरी सोडून गावात कृषी सेवा केंद्र टाकायचं आहे. नोकरी सोडल्याने पीआर अडेल का?
*मंगरुळपीर (जि. वाशिम)*

नोकरी सोडल्याने अडत नाही. अनुभवाचे गुण तुमच्या निमंत्रणाच्या आणि अर्जाच्या तारखेला मोजले गेले, त्यानंतर भारतातली तीच नोकरी टिकवण्याची अट नाही. बदल मात्र कळवायचा: कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेब फॉर्मवर राजीनाम्याची तारीख, नव्या धंद्याचं नाव आणि नोंदणीचा कागद. लपवलेली माहिती सापडली आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला, तर पाच वर्षं दार बंद.

खरा धोका पैशाचा आहे आणि कृषी सेवा केंद्रात तो इतर कुठल्याही दुकानापेक्षा मोठा आहे. फेडरल स्किल्ड वर्करला स्थायिक होण्याचा निधी अर्जाच्या दिवशी पुरेसा असून भागत नाही, व्हिसा देतानाही तो हातात असावा लागतो. जुलै २०२५ च्या तक्त्यात तिघांच्या कुटुंबाला २३,३६० कॅनेडियन डॉलर लागतात आणि तक्ता दरवर्षी बदलतो. कर्जाऊ पैसा चालत नाही. घराची वा शेताची किंमत धरत नाहीत. दुकानातला माल तर नाहीच.

आता तुमच्या धंद्याचं चक्र पाहा. मे-जूनमध्ये बियाणं आणि खतं भरायला पैसा जातो. पेरणीला शेतकरी उधारीवर नेतो. ती उधारी सोयाबीन निघून विकलं गेलं की दसरा-दिवाळीच्या सुमाराला फिटू लागते, कापूसवाल्याची त्याहून उशिरा, आणि पाऊस बिघडला तर पुढच्या वर्षावर जाते. ऑगस्टात कॅनडाकडून निधीचा ताजा पुरावा मागणारा निरोप आला, तर तुमचा पैसा गावभर लोकांच्या शेतात असेल. म्हणून निधीचं खातं आजच वेगळं काढा. त्यातला रुपयाही दुकानात लावायचा नाही. रुपया घसरला तर कमी पडू नये म्हणून दहा-पंधरा टक्के जास्त ठेवा.

मुदतठेव गहाण टाकून दुकानासाठी कॅश क्रेडिट काढण्याचा मोह होईल. बँकेचे अधिकारीही तेच सुचवतात, कारण कागद कमी लागतात. ते करू नका. कॅनडाला द्यायच्या बँकेच्या पत्रात खातेक्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक आणि सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहावी लागते, त्यासोबत तुमच्यावर बाकी असलेली कर्जंही. गहाण ठेव तुमच्या हातात नाही, आणि कर्जाचा आकडा त्याच पत्रात शेजारी छापून येतो. शाखेत असं पत्र क्वचितच मागितलं जातं, तेव्हा मसुदा स्वतः टाइप करून न्या आणि बँकेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह मागा.

परवाने कोणाच्या नावावर, हाही प्रश्न आहे. खत, बियाणं आणि कीटकनाशकांचे परवाने वेगवेगळे. कीटकनाशकांच्या परवान्याला शैक्षणिक पात्रता लागते. ती तुमची आहे म्हणून सगळं तुमच्या नावाने काढलं आणि वर्षभरात व्हिसा आला, तर दुकान कोण चालवणार? मागे राहणाऱ्या भावाकडे वा भागीदाराकडे तशी पदवी किंवा मान्य अभ्यासक्रम असेल तर त्याच्याच नावाने सुरुवात करा, तुम्ही पैशाचे भागीदार राहा. नसेल तर त्याला आताच अभ्यासक्रमाला घाला.

पीआर मिळाल्यावर तिकडे उतरून परत येऊन दुकान चालवता येतं. वैद्यकीय तपासणी साधारण १२ महिने ग्राह्य असते, उतरण्याची मुदत बहुधा तिच्यावर ठरते. पुढे दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहणं भरावं लागतं, आणि मंगरुळपीरच्या दुकानात बसलेले दिवस त्यात मोजले जात नाहीत.

'स्वयंरोजगार गटातून लगेच पीआर' असं कुणी एजंट सांगत असेल, तर कॅनडाने त्या गटात नवे अर्ज घेणं ३० एप्रिल २०२४ पासून थांबवलं आहे, इतकं त्याला ऐकवा.

पुतण्या कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे. शिक्षण संपवून वर्क परमिटवर आहे, पीआरचा अर्ज करायचा आहे. टॅक्सी अॅपवर गाडी आणि सोबत टिफिनचा धंदा करतो. काही चुकतंय का?
*तिवसा (जि. अमरावती)*

शिक्षणानंतरचं त्याचं परमिट खुलं असल्याने धंदा बेकायदेशीर नाही. चुकतंय ते हिशेबात. कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासमध्ये (कॅनडातल्या अनुभवावर पीआर देणाऱ्या गटात) स्वयंरोजगाराचा अनुभव धरतच नाहीत. गाडी आणि टिफिनमध्ये घातलेलं वर्ष पीआरच्या दृष्टीने रिकामं जातं, आणि ते परमिट पुन्हा मिळत नाही. आधी पात्र कामातली पगारी नोकरी एक वर्ष पूर्ण करावी, वेतनचिठ्ठ्या आणि टी-४ (मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे दाखले) सांभाळावेत, धंदा त्यानंतर किंवा जोडीला. प्रांताच्या नामांकनातून अर्ज करणार असेल तर नामांकनाला जोडलेली नोकरी सोडायची नाही, प्रांत नामांकन मागे घेऊ शकतो.

टिफिनची उलाढाल चार तिमाहींत ३०,००० कॅनेडियन डॉलरच्या आत असेल तर जीएसटी-एचएसटी या विक्रीकराची नोंदणी सक्तीची नाही. प्रवासी वाहतुकीला ही सूट नाही, पहिल्या भाड्यापासून नोंदणी लागते. बरीच मुलं नेमकी इथे अडकतात. कंपनी काढायची झाली तर ऑन्टारिओ प्रांताच्या कायद्याखाली काढावी: तिथे निवासी संचालकाची अट ५ जुलै २०२१ पासून नाही. केंद्रीय कायद्याखाली काढली तर २५ टक्के संचालक कॅनडाचे निवासी (नागरिक किंवा पीआर असलेले) लागतात आणि वर्क परमिटवाला त्यात बसत नाही.

लेक लग्नानंतर पर्यटक व्हिशावर मेलबर्नला गेली. तिथे ८२० पार्टनर (जोडीदाराच्या) व्हिशाचा अर्ज केला, ब्रिजिंग व्हिशाचं (अर्जाचा निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिशाचं) पत्र आलं आहे आणि त्यात काम करता येईल असं लिहिलंय. घरून पुरणपोळी, चिवडा, सांडगे विकायला सुरुवात करू का विचारते.
*हिंगणघाट (जि. वर्धा)*

पत्रातली तारीख पुन्हा वाचायला सांगा. ब्रिजिंग व्हिसा ए मिळालेला असतो, पण तिचा पर्यटक व्हिसा संपेपर्यंत तो लागू होत नाही. तोवर पर्यटक व्हिशाच्याच अटी चालतात आणि त्यांत ८१०१ ही काम न करण्याची अट असते. पत्र हातात आल्याच्या आनंदात पहिल्याच आठवड्यात ऑर्डर घेतल्या जातात, तिथेच अट मोडते. व्हीवो या सरकारी ऑनलाइन तपासणीत आज कोणता व्हिसा लागू आहे ते दिसतं. तिथे ब्रिजिंग व्हिसा दिसू लागला आणि कामाची मोकळीक दिसली की सुरू करायचं. त्याआधी कागदाची तयारी करायला हरकत नाही.

धंद्याच्या नोंदणीचा एबीएन नंबर फुकट मिळतो, तोही काम करण्याचा हक्क सुरू झाल्यावर घ्यावा. वर्षाची उलाढाल ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मेलबर्न ज्यात आहे त्या व्हिक्टोरिया राज्यात खाद्यपदार्थ विकणाऱ्या घरच्या स्वयंपाकघराचीही नोंद किंवा सूचना स्थानिक कौन्सिलकडे द्यावी लागते, आणि कोणता पदार्थ किती जोखमीचा त्यावर वर्ग ठरतो. चिवडा आणि वाळलेले सांडगे टिकाऊ आहेत, त्यांचं काम सोपं जातं. ओलसर पुरणाची पोळी थंड ठेवण्याच्या आणि लेबलाच्या अटींत येते, म्हणून सुरुवात चिवड्यापासून करावी. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या, कौन्सिल ती विचारू शकते.

दिवाळीला घरी यायचं ठरलं तर ब्रिजिंग व्हिसा ए वर देश सोडायचा नाही, तो निघताच संपतो. निघण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी (जाऊन परत येण्याची मुभा असलेला) मागावा लागतो, आणि चिवड्याच्या ऑर्डरही त्याच दिवसांत येतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी हा अर्ज टाकून मोकळं व्हावं.